एका कानाची अस्वलं

४ जून

ती. ताईस,
सा. न.

“औषधाला औषधाचीच चव हवी, म्हणजे जीभ आपणहून थांबते.” आई हे म्हणाली तेव्हा तू अकरा वर्षांची होतीस आणि मी सहा. दिवसभर दवाखान्यात कंपाउंडरचं काम करून ती घरी आली होती आणि तू तिला विचारलं होतंस की तुमच्या औषधात थोडी साखर का नाही घालत. तुला ते आठवतं का, माहीत नाही. मला गेले काही दिवस दुसरं काही आठवत नाही.

भिंगरी काल इस्पितळातून घरी आली. मीच तुला येऊ नको म्हटलं होतं, म्हणून काय झालं ते लिहिते. मधलं गाळू नकोस.

मंगळवारी तिला ताप होता. दुपारी तिला कडू सिरप पाजलं आणि आपल्या घरच्या रीतीने आईच्या निळ्या झाकणाच्या डब्यातून एक गोळी दिली. आधी चमचाभर कडू, मग डब्यातलं एक गोड. आपण दोघी तशाच वाढलो. डब्यात तू भरून दिलेली जेलीची अस्वलं होती. साच्यातून नीट न निघालेली, एका कानाची, भिंगरीला गंमत म्हणून, असं तू फोनवर हसत म्हणाली होतीस. मी डबा ओट्यावर ठेवला आणि गच्चीतले कपडे काढायला गेले. परत आले तर बाईसाहेब स्टूल ओढून, डबा उतरवून, जमिनीवर अस्वलांना ओळीने झोपवत होत्या आणि जे झोपेल ते तोंडात टाकत होत्या. डब्यात सात उरली होती.

मी तिला धड रागावलेही नाही. फार तर पोट बिघडेल, असं वाटलं. तासाभरात उलट्या सुरू झाल्या, आणि तिसऱ्या उलटीत रक्त होतं.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय खाल्लं. मी म्हटलं, गोड गोळ्या, तिच्या मावशीच्या कारखान्यातल्या. त्यांनी विचारलं, कसला कारखाना. औषधांचा, असं म्हणता म्हणता माझ्या लक्षात आलं. गेटवर फोन करून तुला चवखोलीतून बोलावलं. त्यात काय आहे, विचारलं. तू म्हणालीस, लोह. एका गोळीत किती, विचारलं. तू म्हणालीस, “विचारून सांगते.”

चाळीस मिनिटं, ताई. पलंगासमोर भिंतीवर घड्याळ होतं. उतारा किती द्यायचा, हे त्या आकड्यावर ठरणार होतं. कमी पडला तर उपयोग नाही, जास्त झाला तर रक्तदाब पडतो. डॉक्टरीणबाई दर थोड्या वेळाने दारात येऊन माझ्याकडे बघायच्या आणि मी फोनकडे. दुसऱ्या दिवशी भिंगरीची लघवी तांबूस गुलाबी झाली. त्या म्हणाल्या, लोह बाहेर पडतंय, रडू नका.

पत्राच्या शेवटी लोभाचं लिहायची सवय आहे. आज हात वळत नाही.

तुझी
धाकटी

९ जून

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं, मधलं न गाळता. आता माझंही वाच.

गेल्या पावसाळ्यात मला फोन करून कोण म्हणालं होतं की पोरगी पालेभाजी गालात धरून बसते, रक्त कमी आहे, लोहाचं औषध भिंतीवर थुंकते, तू एवढी चवीची पंडित, काहीतरी कर? मी केलं. लोहाची चव म्हणजे गंजकं कुलूप चाटल्यासारखी, ती कशानेच झाकली जात नाही. आठ महिने मी रोज ते कुलूप चाटत होते. घरी आल्यावर चहासुद्धा खिळ्यासारखा लागायचा. शेवटी एक घाणा असा उतरला की चवखोलीतल्या सहाजणींपैकी एकीलाही लोह ओळखता आलं नाही. त्या दिवशी मला पहिली आठवण भिंगरीची झाली. हा माझा गुन्हा.

आणि झाकणाच्या आत चिठ्ठी होती. रोज एकच, यात लोह आहे, असं स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं. चष्म्याच्या दुकानात बसून तू दिवसभर लोकांकडून बारीक अक्षरं वाचून घेतेस. घरातली एक ओळ तुला दिसली नाही? आणि चार वर्षांच्या मुलीच्या हाताला लागेल असा डबा ओट्यावर ठेवायचा असतो?

चाळीस मिनिटांचं सांगते. ती गोळी अजून बाजारात आलेली नाही. त्यात काय किती आहे, हे बाहेर बोलणार नाही, अशी माझी सही आहे. साहेब बैठकीत होते. मी दाराबाहेर उभी होते. रक्ताचं तू फोनवर बोलली नव्हतीस. मला वाटलं, पोट बिघडलंय.

पोरीची तब्येत कळव. माझ्यावर राग असला तरी तेवढं कळव.

तुझी
ताई

१३ जून

ती. ताईस,
सा. न.

चिठ्ठी सापडली. झाकणाच्या आत, वितळलेल्या साखरेखाली चिकटून बसली होती. सुरीने खरवडून काढली. अक्षर तुझंच, आणि खरंच स्वच्छ आहे. डबा ओट्यावर राहिला ही माझी चूक, ती माझ्या पदरात. हेसुद्धा मला तेच म्हणाले, आणि त्यांच्याशी मी दोन दिवस बोलले नाही, कारण खरं होतं.

पण त्या झाकणाची आतली बाजू आपल्या घरात कधी कोणी बघितली होती? तीस वर्षांत त्या डब्यात गोडाशिवाय काही पडलं नाही. आईने दवाखान्यातली एक साधी पुडीसुद्धा कधी त्यात ठेवली नाही. तू ठेवलीस. मी तुझ्याकडे औषध मागितलं होतं. तू खाऊ पाठवलास आणि तो औषध असल्याचं मला फोनवर सांगितलंही नाहीस, कारण तुला गंमत करायची होती. आम्हाला कोणालाच ओळखू आलं नाही, हे नंतर हसत सांगायचं होतं ना? ओळखू नाहीच आलं. शाब्बास.

आणि तो आकडा. आठ महिने रोज जे जिभेवर घेत होतीस, त्यात लोह किती हे तुला साहेबांना विचारावं लागलं? मी तुला लहानपणापासून ओळखते. दुधाचा हिशोबसुद्धा तुला तोंडपाठ असायचा.

भिंगरीच्या पोटाला आतून जखम झाली आहे. महिनाभर औषध घ्यायचं आहे, चांगलंच कडू. ती तोंड उघडत नाही. पाण्याचा पेलासुद्धा आधी हुंगते. यात अस्वल आहे का, विचारते. काल मी जबरदस्तीने नाक दाबून पाजलं आणि नंतर न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले. माझ्या हातून काही घ्यायला माझी मुलगी घाबरते. हे तू केलंस.

तुझ्याकडून एकच हवं आहे. त्या गोळीत कुलपाची चव परत घाल. दुसऱ्या कोणाच्या घरी ओट्यावर डबा असेल.

धाकटी

२४ जून

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

आकडा मला पाठ होता.

तुझ्या पत्रावर हे आठ दिवस लिहीत होते आणि फाडत होते. फोन हातात असताना तो माझ्या जिभेच्या टोकावर होता. मी तो गिळला आणि परवानगी मागायला गेले. दाराबाहेर उभी राहून बैठक संपायची वाट बघत होते. कोणी मला बांधून ठेवलं नव्हतं. दार ढकलता आलं असतं, किंवा न ढकलताच तुला सांगता आलं असतं. तू रक्ताचं बोलली नव्हतीस हे मी लिहिलं, तेही खोटं. तू दोनदा म्हणाली होतीस.

तू सांगितलंस तसं साहेबांना सांगितलं. थोडी चव राहू द्या, म्हटलं. ते हसले. म्हणाले, मुलं थुंकतील. मी म्हटलं, थुंकू देत, जीभ त्याचसाठी असते. शेवटी झाकण तेवढं बदलणार आहेत, मुलांना उघडता येणार नाही असं. चव तीच राहील. मी चवीच्या कागदावर सही करणार नाही म्हटलं, तर दुसरीने केली. कृती त्यांच्या वहीत माझ्याच अक्षरात आहे. आता मी असले काय, नसले काय, ती गोळी जाणारच. मला वेष्टनाच्या खोलीत बसवलं आहे. दिवसभर बाटल्यांवर लेबलं चिकटवते. इतका राग येतो की लेबलं वाकडी लागतात, आणि तो राग साहेबांवर कमी, माझ्यावर जास्त असतो. माफी मागत नाही. ती तुला उपयोगाची नाही.

तुला आठवतं का, चमचा आपल्यापुढे करण्याआधी आई एक थेंब स्वतःच्या जिभेवर घ्यायची? मग असं तोंड वाकडं करायची की आपण हसायचो आणि हसता हसता पिऊन टाकायचो. मी परवा औषधाच्या दुकानात जाऊन भिंगरीच्या पोटाच्या औषधाची चौकशी केली. निरोगी माणसाने चमचाभर घेतलं तर काही होत नाही म्हणाले.

रविवारी सकाळी येऊ का? हातात काही आणणार नाही, पिशवीसुद्धा नाही. बाटली तूच उघड, चमचा तूच भर. पहिला मला दे, तिच्यासमोर. तोंड वाकडं करायला मला सोंग करावं लागणार नाही. मग ती घेईल किंवा घेणार नाही, मी निघून जाईन. तू ‘नाही’ म्हणशील, हे मला पत्र लिहायला बसले तेव्हाच माहीत होतं. तुझ्या जागी मीही दार उघडलं नसतं. तरी या वेळी तुलाच विचारते, येऊ का?

तुझी
ताई