खुर्चीतले सर

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमचा विषय निघाला की लोक गहिवरतात. मला हसू येतं. सातपूरच्या त्या खो-खोच्या मैदानावर तुम्ही लिंबाखाली खुर्ची टाकून बसायचात. इस्त्रीचा ट्रॅकसूट, तोंडात सुपारी, आणि बसल्या जागेवरून ओरडणं, "अगं, खांबावर झेप घे ना, मरशील का?" तुम्ही स्वतः कधी गुडघा मातीला लावला नाहीत. हनुवटी फुटायची आमची आणि फोटोत मधोमध तुम्ही. खो-खोत एकदा दिशा धरली की मागे फिरायचं नाही, फिरलं की फाउल, हे मात्र तुम्ही आमच्याकडून घोकून घेतलंत.

दहावीनंतर राज्याच्या संघात माझी निवड झाली आणि बाबा म्हणाले, पुरे आता खेळ. "तुझ्या वडिलांचं मी बघतो," तुम्ही सगळ्या मुलींसमोर छातीवर हात मारून सांगितलंत. आलात खरे. मी स्वयंपाकघरात आईच्या मागे उभी राहून ऐकतेय. कारखान्यातली पहिली पाळी करून आलेले बाबा दमल्या आवाजात म्हणतात, "सर, पोरीला परगावी पाठवायचं म्हणजे लोक काय म्हणतील?" तुम्ही पोह्यांची दुसरी बशी पुढे ओढता. "तुमचं बरोबर आहे. मुलीच्या जातीला किती खेळवायचं? मीही तेच म्हणतो." मैदानावर मी असं फिरले असते तर तुम्ही मला उन्हात उभं केलं असतंत.

मग मीच बाहेर आले. "बाबा, मी जाणार," म्हटलं. आमच्या घरात असं बोलायची कुणाची टाप नव्हती. "जा," बाबा म्हणाले, "पण पोचल्यावर शेजारी फोन कर." ती हिंमत मला रोज मातीत पडून उठण्याने दिली होती, तुम्ही नाही. पुढे सत्कारात तुम्ही माइकवर सांगितलंत, "हिच्या वडिलांना मीच समजावलं." लाज म्हणून नव्हतीच तुम्हाला.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही. एक गोष्ट मात्र सांगते, आणि सांगताना मला स्वतःचाच राग येतो. त्या दिवशी बाहेर आल्यावर मी आधी बाबांकडे नाही, तुमच्याकडे बघितलं होतं. तुम्ही बशीतली शेव वेचत होतात. तरीही, तुम्ही बोलाल म्हणून मी थोडा वेळ थांबले.