गोपिकेचं औषध

कुसुमटोला,
१० ऑक्टोबर १९७४

ती. यमुताईस, जागेश्वरचा शि. सा. न. वि. वि.

सावनेरपुढे बस सोडून डोंगर चढलो, काल इथे पोचलो. आपल्या सक्करदऱ्याच्या गल्लीला लाज वाटावी असं गाव आहे. पानांत जेवतात, ती पानं गुरं खातात. चुलीत फक्त वाळून पडलेलं लाकूड. मी विडीच्या बंडलाचा कागद फेकला, तर एका म्हातारीने तो झटकून माझ्याच पिशवीत परत ठेवला.

काविळीचं मूळ देणारा बळीराम भेटला. तो इथला भुमका, म्हणजे गावाचा पुजारी नि वैदूही. मात्र बसमध्ये एकाने बजावलं होतं की रोगी समोर नसेल तर हा मूळ खोदत नाही. रोपाचं बी गळल्यावरच मूळ काढतात, आणि यंदा आतापर्यंत एकाच रोपाचं गळलंय. काविळीने अंथरुणाला खिळलेल्या गोपिकेला डोंगरावर कसं आणायचं? मी काहीतरी युक्ती करतो. भाचीला माझा आशीर्वाद सांग. लोभ आहेच, तो राहू दे.

तुझा,
जागेश्वर

सक्करदरा, नागपूर
१३ ऑक्टोबर १९७४

चि. जागेश्वर यास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. गोपिकेचे डोळे हळदीसारखे झालेत, पेजही पोटात ठरत नाही. डॉक्टर म्हणाले, घरी न्या. घरी आणलं, आता कुठे नेऊ? तिच्या सासरचे विचारतात, कधी पाठवता. तुझे भाऊजी मागावर बसतात, पण धोटा हातातच राहतो.

युक्ती कसली करतोस? तुला लहानपणापासून सरळ बोलणं जमत नाही. त्याचे पाय धर आणि खरं ते सांग. माझी एकुलती एक पोर आहे रे.

तुझी वाट पाहणारी,
यमुताई

कुसुमटोला,
१४ ऑक्टोबर १९७४

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र अजून आलेलं नाही. हे बाजाराला जाणाऱ्या माणसाजवळ देतो आहे.

ताई, मी बळीरामला सांगितलं की कावीळ मलाच झाली आहे, नुकती सुरू झाली म्हणून दिसत नाही. या गावात आजाराचं खोटं कोणी बोलत नसावं, त्याने लगेच मानलं. मूळ दुपट्ट्यात बांधायचं नि धावत डोंगर उतरायचा, असं मी ठरवलं होतं. त्याने माझं नाव रोपाला सांगितलं, माती उकरली, पाया पडला. मी दुपट्टा पसरला. पण इथे मूळ हातात देत नाहीत. त्याने ते तिथेच दगडावर वाटलं, पानावर घेतलं नि माझ्या तोंडाशी धरलं. माझ्यासाठी अर्धं गाव गोळा झालं होतं. मला नाही म्हणता आलं नाही. मी ते सगळं गिळलं.

मग रडत खरं सांगितलं. त्याने हातातलं पान खाली ठेवलं. मग म्हणाला, "भाची बिमार हाय, असं काहून नाही सांगितलं गा? तिले येता येत नसन, तं मीच मूळ घेऊन आलो असतो."

बाकीची मुळं कच्ची आहेत, ती दिली तर विष होतात म्हणे. बी गळायला दिवाळी उलटेल. मी दिवसभर त्याच्या दारात पडून होतो. त्याने मला भाकर दिली, पण मूळ दिलं नाही. ताई, आपल्या पोरीचं औषध मी खाल्लं. कोणत्या तोंडाने परत येऊ?

तुझा अपराधी,
जागेश्वर

सक्करदरा,
१८ ऑक्टोबर १९७४

चि. जागेश्वर यास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून तुझा इतका राग आला की ते चुलीत घातलं. तू समोर असतास तर काय केलं असतं, ठाऊक नाही. पण तेव्हाच गोपिकेने विचारलं की मामाचं काय आलं. माझ्या तोंडून निघून गेलं की औषध मिळालंय, मामा निघालाय.

तेव्हापासून ती भिंतीला टेकून बसली आहे. सकाळी वेणी घालून मागितली. दोन घोट पेज पोटात ठरली. नजर सारखी दाराकडे.

म्हणून रिकाम्या हाताने येऊ नकोस. तिथलं कुठलंही साधं मूळ आण, अपाय होणार नाही एवढं बळीरामला विचारून घे. मी वाटून देईन. फक्त कडू बघून आण, गोड लागलं तर तिला कळेल.

तुझी,
यमुताई