दादाचा ठिपका

सोमवार, हिवाळ्याचा अकरावा दिवस

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र शुक्रवारच्या टपालगाडीनं पोचलं. भाऊजींचा खोकला गेला हे वाचून आईला हायसं वाटलं. भिंगरीचे पुढचे दोन्ही दात पडले म्हणतेस, म्हणजे बाईसाहेब आता बोलताना शिट्टी वाजवत असतील. लेकीचं एवढं कौतुक लिहितेस, पण तिला स्वतःला दोन ओळी खरडू देत नाहीस, हे काही बरं नव्हे.

इकडे कामानं माझा पिट्ट्या पडलाय. थंडी पडली की भुयारांतले पोकळ माणसांची घरं हुंगत वर सरकतात आणि मग गावाला उंबऱ्यावरची रेघ आठवते. वर्षभर ज्यांनी माझ्याकडे ढुंकून पाहिलं नाही, ते सकाळी सातला ओट्यावर हजर. चुना, मीठ आणि उजेडगोटीची पूड कालवून कालवून बोटं सोललीत. काल कुलूपवाला हटून बसला की रेघेवर त्याच्या घोड्याचाही ठिपका उमटवा. मी म्हटलं, ज्याचा ठिपका तो आत येतो, एवढंच त्या रेघेला कळतं. घोडा स्वयंपाकघरात शिरला तर तुझ्या बायकोला मी समजवायला येणार नाही. तेव्हा कुठे घोड्याला घेऊन परत गेला. मोहीमवाल्यांची एक नवी टोळीही आलीय. त्यातल्या एकानं, ज्याची तलवार त्याच्याहून लांब आहे, मला विचारलं की रेघ गुंडाळून भुयारात सोबत नेता येते का. अशी माणसं खाली उतरतात आणि वर येतीलच अशी आपण आशा धरतो.

दादा बरा आहे. जेवतो, झोपतो, आईच्या पायाशी बसून तिच्या गप्पा ऐकतो. तीन वर्षं जी बाई भिंतीकडे तोंड करून पडून असायची, ती आता गुणगुणत चूल पेटवते. सगळं गाव ओट्यावर येऊन त्याला पाहून गेलं. मोहिमेचा म्होरक्या, ज्यानं तेव्हा दादा भुयारात दगावल्याची बातमी आणली होती, तोही आला. दादाला उंबऱ्यातून आतबाहेर करताना त्यानं पाहिलं आणि म्हणाला, रेघ ओलांडली म्हणजे तो तुमचाच, चूक माझी. एवढा दांडगा माणूस, पण रडला.

पुढच्या आठवड्यात तू भिंगरीला घेऊन येणार म्हणतेस. ताई, एवढ्यात नको. नदीवरच्या पुलाच्या फळ्या बदलताहेत, गाडी दोन दोन तास खोळंबते. पोरीला थंडी बाधेल. मलाही कामातून तुमच्याकडे बघायला सवड होणार नाही. ऊन तापायला लागलं की या, निवांत राहा.

आणि एक. तुझ्या पत्रातला भिंगरीबद्दलचा मजकूर मी दादाला वाचून दाखवला नव्हता. आईनं मात्र सगळा सांगितला. यापुढे तिच्याबद्दल काही लिहिशील ते वेगळ्या कागदावर लिही आणि माझ्या कामाच्या जागी पाठव. का ते विचारू नकोस.

भाऊजींना नमस्कार, भिंगरीला पापा.

तुझी
धाकटी


रविवार, हिवाळ्याचा चोविसावा दिवस

ताई,

तुझं रागाचं पत्र मिळालं. पुलाचं काम कधीच संपलं हे तू गाडीवानालाच विचारलंस. लहानपणापासून मी दादाच्या वाटणीची माया मोजत आले आणि आता तो परत आलेलाही मला बघवत नाही, असं लिहिलंस. वाचून रडले. पण तुझं काही चुकलं नाही. मी खोटं बोलले, मग तू दुसरं काय समजणार? बुधवारी काहीही झालं तरी येणार, असंही तू बजावलंस, म्हणून आता सगळं लिहिते. कामाच्या खोलीत भर दुपारी दार लावून बसलेय. हे पत्र बंद करून उद्या आईच्या हाती देणार आहे. तू हे वाचत असशील तेव्हा ती तुझ्या घरात हातपाय धूत असेल. तिला वाचून दाखवू नकोस आणि चेहरा सांभाळ.

आमच्या घरात आहे तो दादा नाही.

तीन वर्षांपूर्वी बातमी आली तेव्हा मीच तुला कळवलं होतं की आजच्या आज तुझ्या उंबऱ्यावरचा त्याचा ठिपका पूस. तू पुसलास. माझ्या धंद्यात शिकवतात ते सगळ्यात पहिलं हेच. गेलेल्या माणसाचा ठिपका रेघेवर राहिला, तर त्याचा चेहरा घेऊन येणारा पोकळ सरळ आत येतो. रेघ त्याला घरचाच समजते. बेकरीवालीचा नवरा गेला तेव्हा तिनं माझे दोन्ही हात धरून ठेवले होते. मी ते सोडवून घेतले आणि तिच्या देखत ठिपका पुसला. वर तिला चार शहाणपणाच्या गोष्टीही सांगितल्या.

आणि आपल्या घरी आई उंबऱ्यावर आडवी झाली. "एवढा राहू दे गं," म्हणाली. "तो बाहेरगावी गेलाय असं समज." बाहेरगावच्या माणसाचा ठिपका रेघवाली त्याचं नाव घेऊन स्वतःच्या अंगठ्यानं उमटवते. मी उमटवला. दर हिवाळ्याला एक, असे तीन वेळा. सगळं आईवर ढकलत नाही. मलाही तेच हवं होतं.

तो आला त्या दिवशी मीही त्याच्या गळ्यात पडले. नियम, धंदा, काही आठवलं नाही. नवव्या दिवशी जेवताना त्यानं खाणीची गोष्ट काढली. खाणीत माझा पाय मोडला होता आणि दादानं मला पाठुंगळी घरी आणलं होतं, ती. आई ती नेहमी तुझ्या नावावर सांगते आणि आपण तिघं पोट धरधरून हसायचो. दादा तर मुद्दाम तुला लंगडून दाखवायला लावायचा. तर यानं ती गोष्ट सांगितली, तुझ्या नावानं, माझ्याकडे बघत. एक शब्द आईपेक्षा वेगळा नव्हता. तेव्हापासून मी कान देऊन ऐकायला लागले. आई सकाळी जे सांगते ते संध्याकाळी त्याला आठवतं. आईनं न सांगितलेलं त्याला काहीही आठवत नाही.

त्यानंतरचे दोन दिवस तो दुपारभर ओट्यावर बसून होता. तो बाहेर असताना ठिपका पुसला असता तर तो बाहेरच राहिला असता. दोन्ही दिवस मी ओलं फडकं हातात घेऊन उंबऱ्यापर्यंत गेले आणि मनाशी म्हटलं, विसरला असेल बिचारा, काय काय भोगून आलाय. परत फिरले. ताई, ते दोन दिवस मला आता कुणी देणार नाही.

मग काटक्या तोडताना त्याचं बोट कापलं. मी जखमेचं पाणी घेऊन धावले. जिवंत कातडीवर ते कसं फसफसतं तुला ठाऊक आहे, भिंगरीच्या गुडघ्यावर ओतलंस तेव्हा तिनं घर डोक्यावर घेतलं होतं. याच्या बोटावरून ते नुसतं ओघळून गेलं, लाकडी पाटावरून जावं तसं. मी वर पाहिलं तर तो माझ्याकडेच बघत होता.

"शिळं झालं असेल पाणी," तो म्हणाला. "आईला सांगू नकोस, उगाच जिवाला लावून घेईल."

त्या दिवसापासून त्यानं उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलेलं नाही.

मला फार भीती वाटते. माझ्याच घरात मी भिंतीला पाठ लावून जेवते. आईच्या आणि त्याच्या मध्ये बसायला मिळावं म्हणून काहीतरी निमित्त काढते आणि आई मला म्हणते की तू लहानपणी होतीस तश्शी हावरट राहिलीस. तो मला काही करत नाही. प्रेमानं बोलतो. फक्त पानावरून मान वर करून विचारतो की भिंगरी किती मोठी झाली, कुठल्या खोलीत निजते, तिच्या उंबऱ्यावर किती ठिपके आहेत. आणि गेल्या मंगळवारी त्यानं आईजवळ डोळ्यांत पाणी आणून सांगितलं की सगळ्यांचे ठिपके ताईच्या घरी आहेत, एक माझाच नाही.

आई विरघळली. ती तुला आणायला म्हणून आलीय, पण खरं काम ते आहे. पाणी प्यायच्या आधीच तुझ्याकडे दादाचा ठिपका मागेल. तिनं माझ्या खोलीतून चुन्याची डबी घेतलीय. मला कळलं नाही असं तिला वाटतं. मी त्यात पीठ भरून ठेवलंय, पण तुझ्या गावालाही रेघवाली आहे आणि आईला तिचं घर माहीत आहे. तू उमटवू देऊ नकोस. ती रडेल, जेवण टाकेल, तुला दगडाच्या काळजाची म्हणेल, माझ्यासमोर झाली तशी तुझ्याही उंबऱ्यावर आडवी होईल. मी हरले. तू हरू नकोस, तुझ्या घरात पोर आहे. आणि बुधवारी तू निघू नकोस, आईलाही परत पाठवू नकोस, कितीही भांडली तरी.

म्होरक्याला का सांगत नाही असं तुला वाटेल. त्यांच्यापैकी कुणाचा ठिपका आमच्या रेघेवर नाही. तलवारी घेऊन ओट्यावर उभे राहतील आणि आत तो मला जे करायचं ते करेल.

तेव्हा उद्या आई गाडीत बसली की मी घरी जाऊन नवी रेघ ओढणार आहे, आतल्या बाजूनं, त्याच्या ठिपक्याशिवाय. बाहेरून ओढलेली रेघ आत असलेल्याला बांधत नाही. रेघ वाळली की ज्याचा ठिपका नाही अशा पोकळाला घरात जागा उरत नाही. तो विरून जातो. पण या थंडीत चुना वाळायला सकाळपासून संध्याकाळपर्यंतचा वेळ लागतो, आणि ओली रेघ कुणालाच ओलांडता येत नाही, ओढणारीलाही नाही. तेवढा वेळ आम्ही दोघं आत. जिनं मला हे काम शिकवलं तिनं असं दोनदा घडलेलं ऐकलं होतं. एक रेघवाली चालत बाहेर आली. दुसरीबद्दल विचारलं की माझी शिकवणारी उठून कामाला लागायची.

तो अंगावर येईल याची धास्ती आहेच. पण त्याहून जास्त याची आहे की तो दादाच्या आवाजात "धाकटे, मला कुठे घालवतेस?" असं विचारेल आणि माझा हात थांबेल. दादा गेला तेव्हा मी नीट रडलेही नाही, ठिपका होता ना. आता रडतेय, चुन्याच्या पोत्यावर बसून. बाहेर कुलूपवाला दार वाजवतोय, त्याला वाटतंय मी त्याला टाळतेय.

आता नीट ऐक. तुझ्या उंबऱ्यावर माझा ठिपका आहे. हे पत्र खाली ठेवलंस की ओलं फडकं घे आणि तो पूस. माझ्याकडून काही कळण्याची वाट बघू नकोस. मी आहे की नाही याचा विचार करत बसू नकोस, मी तेच करत बसले होते. तुझ्यानं होत नसेल तर भाऊजींना सांग. भिंगरीनं विचारलं तर सांग की मावशीनंच सांगितलंय.

सगळं पार पडलं तर शनिवारच्या गाडीनं येईन आणि तुझ्या ओट्यावर बसेन. तिथूनच बोलू. आईला खिडकीतून बघेन, भिंगरीची शिट्टी बाहेरूनच ऐकेन. जन्मभर ओट्यावर बसवलंस तरी मला वाईट वाटणार नाही. पण ताई, माझ्या चेहऱ्याची जी कुणी येईल आणि "मला आत घे" म्हणेल, ती मी नाही.

यापुढे बाहेरचीच,
तुझी धाकटी