आमच्याकडे चकली मऊ पडते

१५ ऑक्टोबर २०२५, बुधवार

चकलीचा सोऱ्या धुऊन पुसून माळ्यावर टाकला. या वर्षी आमच्याकडे कढई चढणार नाही. हे जाऊन दोनच महिने होताहेत. वर्ष सरेपर्यंत घरात फराळ करायचा नाही, लोक आणून देतील तो खायचा – रीतच आहे तशी.

सलोनीचा धायरीहून फोन. "आई, थोडं रेडीमेड आणू का? ॲटलीस्ट तुमच्यापुरतं?" मी म्हटलं, मला दिवाळीच नकोय, विकतची तर मुळीच नको! फोन ठेवल्यावर वाईट वाटलं. सून चांगली आहे. हे असते तर माझ्या हातून फोन घेऊन तिला हसवलं असतं. मी तोडायचं आणि यांनी जोडायचं, अशी वाटणीच होती घरात.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी भाजी आणायला गेले. घर ते मंडई – तीन ठिकाणी अडवलं. "बाळासाहेबांशिवाय गल्ली सुनी वाटते हो!" गल्लीचं बरं आहे.

यांच्याबरोबर बाहेर पडणं म्हणजे मला शिक्षाच असायची. दर चार पावलांवर कोणीतरी भेटणार. कोणाच्या मुलाची बारावी, कोणाच्या बायकोचा गुडघा – सगळं यांना पाठ! मी पिशवी घेऊन बाजूला उभी. "अहो, चला ना!" "आलो आलो." आले कधी नाहीत.

गेले तेसुद्धा माणसांत. गणपतीच्या तोंडावर मार्केट यार्डात नारळाची ऐन गर्दी. आपल्या गाळ्यावर गिऱ्हाईकाला नारळ वाजवून दाखवत होते, आणि खाली बसले ते बसलेच. डॉक्टर म्हणाले, काही कळलंसुद्धा नसेल. लोक म्हणाले, सुखाचं मरण. असेल. मला मात्र सकाळी निघताना नेहमीचं "येतो गं" ऐकू आलं होतं, आणि मी मान वर करून बघितलं नव्हतं. रोज कोण बघतं!

१७ ऑक्टोबर, शुक्रवार. वसुबारस

पहिला डबा आला. कुसुमवन्सं, यांची धाकटी बहीण. गुडघे धरत दोन जिने चढून आल्या. डब्यात चकल्या. "दादासाठी दरवर्षी करायचे. या वर्षी हात थांबेनात." रडल्या. मी पाणी दिलं.

दरवर्षी? घरात तर यांच्या हातून एक चकली कधी आली नाही.

१८ ऑक्टोबर, शनिवार. धनत्रयोदशी

आज विश्वजीत. यांचा शाळेपासूनचा मित्र, पर्वतीवर फिरायला बरोबर. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. स्वतः केलेल्या चकल्या घेऊन आले! काटा बऱ्यापैकी आला होता, खोटं कशाला बोलू. मी विचारलं, चकल्याच का? ते बोलून गेले –

"अहो वहिनी, बाळ्या नेहमी म्हणायचा ना, आमच्याकडे चकली मऊ पडते. म्हटलं, या वर्षी तर तुम्हाला…"

पुढचं गिळलं. माझा चेहरा बघून चहा न घेताच गेले.

मऊ! माझी चकली! बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आणि बत्तीस वर्षं सुट्टी लागायच्या आत भाजणी दळून आणली. मोहन कमी नाही, जास्त नाही. स्टाफरूममध्ये माझ्या डब्यावर उड्या पडायच्या. आणि घरचा माणूस जगाला सांगत फिरतो, मऊ!

१९ ऑक्टोबर, रविवार

सकाळी गल्लीतल्या देशमुखांकडून डबा. चकल्या. दुपारी विमलाबाईंकडून, शेजारच्या मुलीबरोबर. चकल्या. संध्याकाळी आमोद-सलोनी आली. टेबलावरचे डबे उघडून बघत आमोद म्हणाला, "आई, हे काय! चकलीचं दुकान काढलंस?" आणि हसायला लागला. हसता हसता त्याचे डोळे भरले. मी त्याला जवळ घेतलं. एवढा मोठा झाला तरी बापासारखाच, रडताना नाक आधी लाल होतं.

त्याला काही सांगितलं नाही. काय सांगणार – तुझे बाबा माझी बदनामी करून गेले म्हणून?

प्रत्येकाला वाटलं असणार, बिचारीची चकली मऊ पडते, त्यात हे दुःख, आपणच नेऊन देऊ. एकानंही दुसऱ्याला विचारलं नाही. विचारतील कसे! चारचौघांत बोलण्यासारखी गोष्ट आहे का ही!

२० ऑक्टोबर, सोमवार. नरक चतुर्दशी

पहाटे फटाक्यांनी जाग आली. उटणं लावलं नाही. यांच्या फोटोसमोर बसून भांडले. मोठ्यानं. खालच्यांना ऐकू गेलं असेल, जाऊ दे. म्हटलं, तोंडावर का नाही बोललात? ताटात वाढली की "छान". तुमचं ते छान! पावसालाही छान, पिठल्यालाही छान. मला इतकंच सांगा – माझ्या पाठीमागे तुम्ही मला हसत होतात का?

फोटोतला माणूस हसतच असतो. पंचाईत आहे.

भांडता भांडता रडले. दोन महिन्यांत पहिल्यांदा नीट.

२१ ऑक्टोबर, मंगळवार. लक्ष्मीपूजन

डबे परत करायला निघाले. रिकामा डबा द्यायचा नसतो आणि घरात काही केलेलं नाही, म्हणून प्रत्येकात साखर घातली. खरं तर डब्याचं निमित्त. मला विचारायचं होतं.

विमलाबाईंकडे आधी गेले. मागच्या बोळात राहतात, एकट्याच. ऐंशीच्या पुढे. मी यापूर्वी त्यांच्याकडे कधी गेले नव्हते. हेच जायचे. दारातच विचारलं, "आमचे हे तुम्हाला माझ्या चकलीबद्दल काय म्हणाले होते?"

त्या म्हणाल्या, "आधी बसा तरी. नवरा येऊन बसायचा, तुम्ही उभ्यानं भांडता."

बसले.

मग सांगितलं त्यांनी. त्यांचे यजमान गेले त्या वर्षी त्यांनी गॅस पेटवणंच सोडलं होतं. दुधात पाव बुडवून खायच्या. कोणी काही आणून दिलं तर तसंच पडून राहायचं. यांनी काही आणून दिलं नाही. वर्षश्राद्ध झाल्यावर पुढच्या दिवाळीत दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "वहिनी, एक अडचण आहे. आमच्याकडे चकली मऊ पडते. घरी बोलायची सोय नाही, तुम्हाला ठाऊकच आहे आमच्या बाई. मला तेवढी करून द्याल का?"

"मला मेल्याचा रागच आला," विमलाबाई म्हणाल्या. "माझं काय चाललंय आणि याला चकली सुचते! पण नाही कसं म्हणणार? भाजणी भाजायला घेतली. घरभर वास सुटला. मग भूक लागली हो."

मी साखरेचा डबा त्यांच्यापुढे ठेवला.

"तुमच्या चकलीला काय झालंय? त्यांनीच तर मला एकदा आणून दाखवली होती. अशी व्हायला पाहिजे, म्हणाले. मी म्हटलं, लबाडा, ही तर कुरकुरीत आहे! तर म्हणे, ही चुकून जमली."

दोघी हसलो. मला हसताना धाप लागली. त्यांनी लाडवाचा तुकडा हातावर ठेवला, तो खाल्ला.

परत येताना कुसुमवन्संचं आठवलं. सुनेनं स्वयंपाकघर ताब्यात घेतल्यावर खिडकीशी बसून असायच्या, तेव्हाच यांना त्यांच्या हातची चकली आठवायला लागली असणार. विश्वजीतचं तर सांगायलाच नको. देशमुखांचं मात्र कोडं सुटत नाही, त्यांचं घर भरलेलं आहे. तिथली बहुधा यांना नुसतीच आवडत असेल.

२२ ऑक्टोबर, बुधवार. पाडवा

ओवाळायला कोणी नाही. संध्याकाळ काढली.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज

कुसुमवन्सं आल्या. भाऊ नाही म्हणून घरी बसून राहवेना. फोटोला ओवाळलं. मग आम्ही दोघी चकल्या खात बसलो, चारी घरच्या, एकेक तुकडा. वन्संनी विचारलं, "कोणाची चांगली?" मी म्हटलं, तुमची. खोटं बोलले. सगळ्यांत चांगली विमलाबाईंची.

राग गेलाय. थोडा राहिलाय. एवढं सगळं करत होते तर मला एका शब्दानं सांगायचं होतं. लोकांची दुःखं यांना लांबून दिसायची आणि घरात मात्र नुसतं "छान". जगाला एवढं जपलं, माझ्या वाट्याला काय आलं – एवढंच आता मनात येतं. म्हातारपणी असं हावऱ्यासारखं वागू नये. पण येतं.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

आमोद फोनवर – "आई, धायरीला येऊन राहा ना." बघू म्हटलं. विमलाबाईंनी उद्या बोलावलंय.

२६ ऑक्टोबर, रविवार

पोपटशेठ आले होते, यांच्या शेजारच्या गाळ्याचे. यांचा चष्मा आणि डबा आणून दिला. मी त्यांच्यापुढे चकल्या ठेवल्या. त्यांनी एक उचलली आणि म्हणाले, "दिवाळीनंतर आमची चैन असायची हो. बाळासाहेब डबेच्या डबे आणायचे. चार वाजता चकली आणि त्यांच्या हातचा चहा!"

मी म्हटलं, कोणाच्या हातचा? यांना चहा जमत नाही.

"काय सांगता! रोज तेच करायचे. आलं ठेचून. आम्हाला पातेल्याला हात लावू द्यायचे नाहीत."

ते गेल्यावर बसून आठवलं. लग्नानंतर कित्येक वर्षं सकाळचा चहा हेच करत, माझी सकाळची शाळा म्हणून. मी निवृत्त झाले, शाळा माझ्याशिवाय उघडली, आणि त्या जूनमध्ये मला अंथरुणातून उठवेना. दिवस दिवस भिंतीकडे तोंड. तेव्हा एका सकाळी हे दाराशी येऊन म्हणाले होते, "अगं, चहा बिघडतोय माझा हल्ली. तू करतेस का?"

तेव्हापासून यांना चहा जमेनासा झाला. आणि मी इतकी वर्षं रोज कुरकुरत का होईना, उठून केला.