सातवीत की आठवीत

४ मार्च, सोमवार

शाळेत पालकसभा. विषय — 'प्रगत गणित केव्हापासून?' म्हणजे आमच्या पोरांचं गणित आजवर मागास होतं तर! मुख्याध्यापकांनी पडद्यावर बाण दाखवले. सगळे वर जाणारे. शेजारचे गृहस्थ उठून म्हणाले, "पाचवीपासून नाही का घेता येणार?" चेहरा असा, की पोराला पाळण्यातच वर्गमूळ शिकवायचं राहून गेलं.

पोरगी सहावीत. तिची निवड झालीय. आता सातवीपासून पाठवायचं की वर्षभर थांबून आठवीपासून, हे आईबापांनी ठरवायचं. दोघांनी मिळून! आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काही ठरवलं, ते वेगळं व्हायचं.

खरी गोष्ट मुख्याध्यापकांनी जाता जाता सांगितली. हा वर्ग भरणार थोरल्या इमारतीत, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. सकाळी सातला, शाळेच्या आधी. आमच्या भागातली पहिली बसच सातला निघते. आणि तिच्या आईच्या खिडकीतून ती इमारत दिसते.

म्हणजे सोमवार ते शुक्रवार पोरगी तिकडे, माझ्याकडे फक्त शनिवार-रविवार. आत्ता आहे त्याच्या बरोबर उलट.

आठवीतही हेच होणार, कळतं मला. पण मधे एक वर्ष मिळतं ना!

५ मार्च, मंगळवार

गणिताच्या बाईंना भेटलो. पोरीची तक्रार ऐकायला इतक्या आशेनं आजवर कधी गेलो नव्हतो. अपूर्णांकात अडते म्हणा, आळशी आहे म्हणा, काहीही म्हणा हो!

बाई म्हणाल्या, "पाया पक्का आहे. चुकली तर रडत नाही, मागे जाऊन चूक शोधते. माझं फळ्यावर लिहून होईपर्यंत हिचं सोडवून झालेलं असतं. मग बिचारी खिडकीबाहेर बघत बसते."

"पण वय लहान नाही वाटत?"

"वर्षभर थांबली तर काही बिघडणार नाही. कंटाळेल, एवढंच. तिला विचारलंत का?"

विचारतो म्हणालो. विचारलंही, जेवताना. "तुला त्या वर्गाची काही घाई नाही ना गं?"

"नाही," म्हणाली आणि पाव तोडला.

झालं की विचारून!

७ मार्च, गुरुवार

तिच्या आईशी फोनवर जुंपली.

"सातवीतच जाऊ दे तिला."

"तुला एवढी घाई कसली?"

"घाई नाही. ती तयार आहे."

"ती तयार आहे की तुला मैत्रिणींत मिरवायचंय?"

"तसं समज."

मी पुढच्या टोमण्यासाठी दम घेऊन बसलो होतो, तो तसाच राहिला. ही बाई टॉवेलची घडी कशी घालावी यावरसुद्धा माघार घ्यायची नाही. एकत्र राहत होतो तेव्हा 'तसं समज' हे शब्द तिच्या तोंडून ऐकल्याचं आठवत नाही. थकली असेल. मीही थकलोय.

८ मार्च, शुक्रवार

पेपरातला माझा रविवारचा विनोदी लेख एका बैठकीत झाला. मथळा — 'बाळंतखोलीत बीजगणित'. त्यातली आई पोरीच्या बाहुल्यांची लग्नं मोडते आणि त्यांना समीकरणाच्या दोन बाजूंना बसवते. पोरगी भूक लागली म्हणाली की विचारते, "किती टक्के?" शेवटी पोरगी हरवते, तर ही पोलिसांत जाऊन वर्णन द्यायच्या ऐवजी सूत्र देते.

लिहिताना मलाच हसू आवरेना. हातातली एवढी एक विद्या, ती अशा वेळी नाही वापरायची तर कधी? लेख पाठवून दिला.

९ मार्च, शनिवार

पोरगी आईकडे. दाराशी तिची एक चप्पल उलटी पडलीय. सरळ करायला हात धजावत नाही.

दोन दिवस कसेबसे ढकलतो. पाच कसे ढकलायचे?

१० मार्च, रविवार

संपादकांचा फोन. "लेका, सोलून काढलंस!" दुकानदारानं दुधाच्या पिशवीबरोबर एक वाक्य पाठ म्हणून दाखवलं. तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "आमची सून अगदी अश्शीच!" सून मागेच उभी होती.

संध्याकाळी पोरगी आली. बूट न काढता दारातच थांबली.

"लेख वाचलास?"

"हो. तिकडे येतो पेपर."

"हसलीस की नाही?"

"आई नाही हसली."

"बये, मी तुझं विचारतोय."

"छान लिहिलंयस, बाबा." आणि दात घासायला गेली. संध्याकाळी सहा वाजता!

११ मार्च, सोमवार

तिच्या आईचा फोन. "राहू दे. आठवीतच जाऊ दे. शाळेला मी कळवते." टोमणा नाही, उसासा नाही. फोन बंद.

जिंकलो!!

अंडी फेटली, पोरीला आवडतं तसं कडेला कुरकुरीत ऑम्लेट केलं. सांगितलं, "वर्षभर इथंच, माझ्या डोक्यावर मिरे वाटायला!" गळ्यात पडली. "बरं झालं, बाबा." तिच्या केसांना पेन्सिलीच्या लाकडाचा वास येत होता.

१२ मार्च, मंगळवार

पोरगी फार शहाण्यासारखी वागतेय. न सांगता भांडी विसळली. माझ्या अगदी फुसक्या विनोदालाही हसली.

१३ मार्च, बुधवार

गप्प बसवत नाही ना मला! तिच्या आईला फोन लावला. "काय, लेख लागला वाटतं?"

"लागला. पण मला नाही."

मग तिनं सांगितलं, अगदी सावकाश. सातवीपासून जायचं हे पोरीचं म्हणणं होतं. गेल्या महिन्यातच आईला म्हणाली होती, "मला जायचंय. पण बाबाला सांगताना तुलाच हवंय असं सांग. माझं नाव घेतलंस तर तो जेवायचा नाही."

"आणि रविवारी तिनं तुझा लेख वाचला. दोनदा. मग म्हणाली, राहू दे आई, आठवीतच जाईन. बाबाला खूप राग आलाय."

मी म्हणालो, "तुझ्यावर आला होता."

"हो. पण ती आई मी नव्हतेच ना. ज्याची टर उडवलीस ते सगळं हिच्या मनातलं होतं."

फोन ठेवला.

आत पोरगी गुणगुणत गृहपाठ करत होती. आमच्या घरात ते सोपं गणित अजून वर्षभर चालणार होतं. माझ्यासाठी.

१४ मार्च, गुरुवार

सकाळीच बाईंना सांगून आलो — सातवीपासून. पोरीला म्हटलं, "मीच ठरवलं. तुझ्या कटकटीत मला लिहायला होत नाही. पाच दिवस जरा शांतता हवीय."

"खरंच, बाबा?"

"खरंच."

बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिनं विचारलं, उशी इथली नेऊ का.

ने म्हटलं.