दुसरी गोलकीपर

बाबा, दामिनीचा पाया पडून नमस्कार.

गोव्याच्या क्लबच्या फुटबॉल शिबिरात मी मजेत आहो. भात पोटभर भेटते. बोट जरा सुजलं, पण आईले सांगू नका. तलावात मासोळी लागून राह्यली काय?

इथी आम्ही तिघी गोलकीपर होतो, अन् क्लब दोघींलेच ठेवणार होता. त्यात मणिपूरची लिंथोईताई, चौतीस वर्षांची. परवा वरच्या कोपऱ्यात जाणारा बॉल तिनं असा उडून बोटानं बाहेर ढकलला, का मी समोरच्या गोलातून टाळ्याच वाजवल्या. कोच ओरडले, "दामिनी, वो तेरी जगह ले रही है!"

संध्याकाळी लिंथोईताईनं मले बोलावून तशीच उडी शिकवली. मी इचारलं, "मले काऊन शिकवता?"

ती हसली. म्हणे, तू चांगली खेळली तर मले अजून उंच उडावं लागन.

आज टीम ठरली. तिसरी पोरगी घरी गेली, तिची बॅग मी गेटपर्यंत नेली. पहिली गोलकीपर लिंथोईताई, दुसरी मी. मॅचमध्ये मले बाहेर बाकावरच बसावं लागन. पण बाबा, तिच्या इतक्या जवळची जागा भेटली, हे मले अजून खरं वाटून नाई राह्यलं.

तुमची पोरगी,
दामिनी