मोहावरचा आकडा

८ डिसेंबर १९५८, सोमवार

कोणीतरी आमच्या मोहाच्या झाडावर आकडा टाकला! चुन्याने, हातभर उंच. घरी येऊन ओरडलो तर नात टाळ्या पिटत पुढे आली. "म्याच टाकला, दादा! साऱ्या लेकराइनं टाकले. गुरुजी म्हणे, एकेक झाड दत्तक घ्या. रोज तांब्याभर पाणी घाला."

दत्तक! दत्तक गेलेलं पोर परत घरी येतं का कधी? आणि जमनी नऊ वर्षांची. तिला काय कळतं!

आकडा कोणता ते इथे लिहीत नाही. कागदावर आलं की पक्कं होतं.

१० डिसेंबर

मोह आपल्या शेताच्या धुऱ्याच्या, बांधाच्या बाहेर आहे, गाडीवाटेच्या कडेला. आमच्या नावावर नाही. पण बापाने बैलांच्या पाठीवरचं मीठ शेवटचं उतरवलं ते त्याच्याच खाली. म्हणाला, आता फिरणं बस. तांडा तिथून वसला.

मी तेव्हा जमनीएवढा. जंगलाचे साहेब आले. झाडांवर डांबराने आकडे टाकले. हसत होते, आम्हा पोरांना गूळ दिला. पुढच्या साली तिथे गुरं नेली तर पकडली. आकडा आधी येतो. माणसं मागून येतात.

१३ डिसेंबर

शाळेत जाऊन आलो. गुडघा दुखतो, तरी गेलो. किसनराव गुरुजी ढाणकीकडचे, यंदाच बदलून आलेत. पोरं वहीत पानं चिकटवत होती. मोहाचं पान मी लगेच ओळखलं. खाली जमनीचं नाव. माझं नाही, माझ्या बापाचं नाही.

विचारलं— ही वही पुढे कोणाकडे जाते?

"कोणाकडंच नाही जात, बाबा. लेकरायचीच आहे." आणि हसले.

ते साहेबही हसलेच होते.

घरी हरिसिंग म्हणतो, "बापू, तुमाले तं आपल्या सावलीचंबी भेव वाटते." पोटचा पोरगा, आणि गुरुजीची बाजू!

१७ डिसेंबर

सडकेचा ओव्हरसिअर शाळेपुढे गुरुजींशी बोलत होता. बराच वेळ. गुरुजींच्या हातात तीच वही! मी जवळ गेलो तर गुरुजींनी वही मिटली.

१८ डिसेंबर

पुसला. ओलं पोतं आणि राख घेऊन घासला. सालीच्या भेगांतला चुना काडीने काढला. आकड्याकडे पाहिलंच नाही, तोंड वळवून घासत होतो.

जमनी तांब्या घेऊन आली. "काहून पुसला, दादा? आकडा असला तं—"

"चूप! मले शिकवू नको."

ती रडली. मग डोळे पुसून त्या बिनआकड्याच्या झाडाला पाणी घातलं आणि गेली.

बरं वाटतंय. नाही, तसं बरंही वाटत नाही.

२ जानेवारी १९५९

लिहायचं नव्हतं. लिहितो तरी.

सकाळी सडकेची माणसं आली. कुऱ्हाडी, करवती. वाट रुंद करायची, यष्टी यायची आहे म्हणे. हरिसिंग कापूस घेऊन यवतमाळला. जमनी शाळेत. मी एकटाच धावलो. पाहतो तर वाटेवरची बाभूळ पाडली, तिच्याशेजारचा लिंब सोडला. लिंबावर चुन्याचा आकडा; कोणता, ते धड पाहिलं नाही.

ओव्हरसिअर म्हणाला, "लेकरायच्या आकड्याची झाडं सोडाची, बाबा. तुमच्या गुरुजीनं वही दाखवून दाखवून वरून कबूल करून आणलं. सडक तिथं वाकडी जाईन."

मी घरी आलो, चुना कालवला, परत पळालो. पण आकडा कोणता? दोन होता, तीन होता. आधी कोणता? मागचा कोणता? शाळेत जाऊन विचारायला वेळ कुठला! ही माझी वही उघडून पाहिली असती, पण हिच्यात मी लिहिलाच नाही. मग टाकला— ३२.

ओव्हरसिअरने लिंबाकडे बोट केलं. "बत्तीस तं तो हाय. चुना बी ओलाच हाय तुमचा. खोटा आकडा टाकता, बाबा? या वयात?"

म्हटलं, खरा होता हो, मीच पुसला. माणसं हसली. असं कोण करतं!

दुपारपर्यंत आवाज येत होता. मी खोडाला धरून बसलो होतो, त्यांनी मला उचलून बाजूला ठेवलं. हळूच ठेवलं.

३ जानेवारी

जमनी बोलत नाही.

५ जानेवारी

बोलत नाही. सुनेने सांगितलं, शाळेत सगळी पोरं आपापल्या झाडाची उंची मोजतात. ही नुसती बसते. गुरुजी म्हणाले, दुसरं घे, बाई, एखादं म्हातारं, ज्याला पाहणारं कोणी नाही असं.

मी म्हटलं, घेईल का?

सून म्हणाली, काय माहीत.

७ जानेवारी

उठून पाय खाली टाकला तर गार लागलं. तांब्या. काठोकाठ भरलेला. खाटेच्या पायावर ओला चुना— २३.

तेवीस. लिहून ठेवतो.